उतरताना गुडघे दुखतात : जागा, काठ्या, ओझे आणि तयारी

चढउतार (धागाकर्ता)

ट्रेकच्या तयारीबद्दल बहुतेक प्रश्न चढाचे असतात. दम किती लागेल, किती तास लागतील, पाणी किती घ्यावे. गुडघे मात्र बहुधा उतरताना दुखतात आणि तेही दिवसाच्या शेवटी. म्हणून हा धागा उतार, पाठीवरचे ओझे आणि गुडघा एवढ्यापुरताच ठेवू या.

आधी उतरताना काय घडते ते पाहू. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखूड होत शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू लांब होत असताना जोर लावतो, कारण शरीर खाली सोडायचे असते पण आवरून. या कामात धाप फारशी लागत नाही, त्यामुळे पाय थकत चाललेत हे लक्षात येत नाही. स्नायूच्या तंतूंना इजा मात्र याच कामात जास्त होते. दोन-तीन तास सलग उतरल्यावर त्याची आवरण्याची ताकद कमी होते आणि मग प्रत्येक पावलाचा धक्का सांध्यापर्यंत पोहोचतो.

कृत्रिम गुडघ्यात संवेदक बसवून केलेल्या मोजमापांत सपाटीवर चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार आढळतो, जिना चढताना तीन पटींच्या थोडा वर आणि उतरताना साडेतीन पटींच्या जवळपास. यात सॅक धरलेली नाही. शिवाय गुडघा जितका जास्त वाकलेला असताना भार येतो, तितकी वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. उंच पायरीवरून उतरताना मागच्या पायाचे नेमके हेच होते. पुढचा पाय खाली पोहोचेपर्यंत सगळे वजन मागच्या वाकलेल्या गुडघ्यावर असते.

प्रश्न विचारताना चार गोष्टी जरूर लिहा: दुखते नेमके कुठे, चढताना की उतरताना, किती वेळाने सुरू होते, आणि सूज येते का. नुसते ‘गुडघा दुखतो’ यावर कोणालाच उपयोगी उत्तर देता येणार नाही.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून दुखण्याच्या जागांबद्दल लिहिते.

वाटीच्या मागे किंवा भोवती दुखते, एका बोटाने जागा दाखवता येत नाही, अख्खा तळवा वाटीवर ठेवून दाखवावे लागते. उतरताना, उकिडवे बसताना आणि गाडीत बराच वेळ गुडघा दुमडून बसल्यावर वाढते. हे वाटीच्या सांध्याचे दुखणे आणि ट्रेकमध्ये ते फार जणांना होते. बहुतेक वेळा यात काही फाटलेले किंवा तुटलेले नसते. सवयीपेक्षा खूप जास्त भार एकदम पडलेला असतो. आठवडाभर खुर्चीत आणि रविवारी हजार मीटरचा उतार, असे.

वाटीच्या खालच्या टोकाशी, एका बोटाने दाखवता येते अशी जागा असेल तर तो वाटीखालचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर. उड्या मारत उतरणाऱ्यांना हा त्रास होतो. सुरुवातीला दुखते, अंग तापले की थांबते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुप्पट होऊन येते. मधल्या काळात दुखत नाही म्हणून माणूस वेग वाढवतो, तिथेच बिघडते.

बाहेरच्या बाजूला, सांध्याच्या फटीच्या थोडे वर हाडाचा उंचवटा लागतो. त्यावर दुखत असेल तर आयटी बँड, म्हणजे मांडीच्या बाहेरून जाणारा पट्टा.

आतल्या बाजूला दोन शक्यता. बरोबर सांध्याच्या फटीवर दुखते आणि पाय रोवून वळताना कळ येते, तर गादीचा, म्हणजे मेनिस्कसचा विचार करावा. फटीच्या चार-पाच सेंटीमीटर खाली, नडगीच्या आतल्या अंगाला दुखत असेल तर तिथे तीन स्नायूंचे कंडरे एकत्र येऊन चिकटतात आणि त्यांच्याखालची द्रवाची छोटी पिशवी सुजते. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, म्हणून बोटाने नीट चाचपून पाहा.

मागच्या बाजूला बहुधा पोटरीचा किंवा मांडीच्या मागच्या स्नायूचा ताण असतो, किंवा सांध्यात पाणी वाढून मागे फुगवटा येतो. पण एकाच पायाची पोटरी सुजली आहे, गरम लागते, दाबल्यावर दुखते, आणि नुकताच बसून लांबचा प्रवास झाला आहे, तर ती शिरेतली रक्ताची गुठळी असू शकते. तिथे मालिश अजिबात करू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

नवी_वाट

माझे दुखणे बाहेरच्या बाजूचे आहे. सपाटीवर आणि चढावर काहीच नाही. उतार सुरू झाला की पाऊण तासाने सुरू होते. बसले की जाते, उठून दहा-वीस पावले चालले की परत. नी कॅप लावू का? फोम रोलर वापरून पट्टा सैल होईल असे बऱ्याच ठिकाणी वाचले.

सांधेजोड

@नवी_वाट, वर्णन आयटी बँडचेच वाटते. खुब्यापासून नडगीपर्यंत मांडीच्या बाहेरून जाणारा हा जाड पट्टा. गुडघा साधारण ३० अंशांत वाकलेला असताना तो हाडाच्या उंचवट्यावर सर्वांत जास्त दाबला जातो. उतरताना प्रत्येक पावलाला गुडघा त्या कोनातून भार घेऊन जातो. म्हणूनच ठरावीक वेळाने ठिणगी पडते.

नी कॅपने इथे फारसे साधत नाही. घट्ट असेल तर दुखऱ्या उंचवट्यावरच दाब वाढतो. रोलरने हा पट्टा लांब होत नाही, तो त्यासाठी फार चिवट आहे. रोलर फिरवायचाच तर खुब्याच्या बाजूच्या आणि मांडीच्या स्नायूंवर मिनिट-दोन मिनिटे, बरे वाटण्यापुरता. दुखऱ्या हाडावर कधीच नाही.

वाटेवर करायचे ते असे. पावले एका रेषेत पडू देऊ नका, दोन पायांत नेहमीपेक्षा तीन-चार बोटे जास्त अंतर ठेवा. पाय शरीराच्या मध्यरेषेकडे जातो तेव्हा पट्ट्यावरचा ताण वाढतो. पाऊल आखूड करा. आणि दुखायची वाट पाहू नका: पाऊण तासाने सुरू होत असेल तर दर २५ मिनिटांनी दोन-तीन मिनिटे थांबा, सॅक उतरवा. एकदा कळ सुरू झाली की त्या दिवशी ती पूर्ण शमत नाही.

घरी खुब्याच्या बाजूच्या स्नायूंवर काम हवे. भिंतीला पाठ लावून कुशीवर झोपा. वरच्या पायाची टाच भिंतीला टेकवून, भिंतीवर घासतच पाय वर न्या. तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली. १२ ते १५ वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन-चार दिवस. भिंतीशिवाय केले तर पाय नकळत पुढे येतो आणि सगळे काम मांडीचा पुढचा भाग करतो. बहुतेकांचा व्यायाम इथेच वाया जातो. हे सोपे झाले की पायरीच्या काठावर एका पायाने उभे राहून दुसऱ्या बाजूची कंबर सावकाश खाली सोडणे आणि वर घेणे, दहा-दहाच्या तीन फेऱ्या. सहा ते आठ आठवडे द्या.

ओझेवाला

काठ्यांबद्दल सविस्तर लिहितो, कारण घेतात खूप जण पण त्यांच्यावर भार देणारे कमी दिसतात.

२५ अंशांच्या उतारावर प्रयोगशाळेत मोजले तेव्हा दोन काठ्यांमुळे गुडघ्यावरची बले १२ ते २५ टक्क्यांनी कमी भरली. हा फायदा काठीवर वजन टाकले तरच मिळतो. काठी शरीराच्या बाजूला किंवा मागे टेकवत चालले तर तोल सावरतो, गुडघ्याला काही मिळत नाही.

लांबी : सपाटीवर मूठ धरल्यावर कोपर काटकोनात यावे. उंचीला ०.६८ ने गुणले तर जवळपासचा आकडा मिळतो, म्हणजे १७० सेंमी उंचीला साधारण ११५ सेंमी. चढावर ५ ते १० सेंमी कमी करा, उतारावर ५ ते १० सेंमी वाढवा. उतार सुरू होतो तिथे थांबून लांबी बदलायचा कंटाळा करू नका. आखूड काठीने उतरताना कंबरेतून पुढे वाकावे लागते, वजन पुढे जाते आणि तोल जातो.

क्रम : आधी काठी खाली टेकवा, मग हातावर वजन घ्या, मग पाऊल टाका. उंच पायरी असेल तर दोन्ही काठ्या एकदम खालच्या पातळीवर टेकवायच्या, दोन्ही तळहात मुठींच्या डोक्यावर ठेवून भार द्यायचा आणि पाय हळू खाली सोडायचा. थोड्या सरावाने हे आपसूक होते.

पट्टा : हात पट्ट्यातून खालून वर घालायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची. मग वजन मनगटाजवळच्या पट्ट्यावर येते आणि मूठ आवळून धरावी लागत नाही. मात्र मोठ्या दगडांच्या पट्ट्यात, ओढा ओलांडताना आणि पडलो तर खोल जाऊ अशा जागी पट्टा काढून ठेवा. काठी दगडांच्या फटीत अडकली आणि हात पट्ट्यात असला तर अंगठ्याचा सांधा दुखावतो. जिथे हात लावून उतरायचे आहे तिथे काठ्या मिटवून सॅकला बांधा.

काय बिघडते : पिळून घट्ट करायच्या काठीत आतला प्लास्टिकचा फुगणारा भाग झिजतो किंवा त्यात माती बसते, आणि भर उतारात काठी दबत जाते. प्रत्येक ट्रेकनंतर तिन्ही भाग सुटे करून कोरड्या फडक्याने पुसा, वाळवा. तेल लावू नका, पकडच जाईल. खटक्याच्या काठीत स्क्रू हळूहळू सैल होतो. निघण्यापूर्वी प्रत्येक काठीवर सगळे वजन टाकून पाहा. सरकली तर अर्धा आटा आवळा. काठीवर कमाल लांबीची खूण असते, तिच्या पुढे ओढू नका, तिथून वाकते. माती-मुरुमावर टोकाचे रबर काढा, धातूचे टोक रुतले पाहिजे. कातळावर रबर ठेवा, पण झिजून गुळगुळीत झालेले रबर ओल्या कातळावर घसरते, ते बदला.

एकच काठी वापरणाऱ्यांना एक विनंती. दुखरा गुडघा उजवा असेल तर सपाटीवर काठी डाव्या हातात धरा.

रानपाखरू

काठ्यांची सवय लागली की पायांची ताकद आणि तोल कमी होतो, असे जुने ट्रेकर सांगतात. सरसकट सगळ्यांना काठ्या घ्यायला सांगणे मला पटत नाही.

ओझेवाला

@रानपाखरू, मुद्दा अर्धा मान्य. गुडघे ठणठणीत आहेत आणि एक दिवसाची हलकी सॅक आहे, तर काठ्यांशिवाय चालावे. सरावाच्या दिवसांतही मोकळ्या हाताने उतरावे, म्हणजे पाय आणि घोटा काम शिकतात. पण १५ किलो पाठीवर घेऊन सलग चार दिवस चालायचे आहे, किंवा गुडघा आधीच दुखतो आहे, तिथे काठ्या नाकारून स्नायू बळकट होत नाहीत. थकलेला स्नायू त्या वेळी शिकत नसतो. ताकद घरी आणि सरावात मिळवायची, मोठ्या ट्रेकमध्ये ती जपून वापरायची.

शांत_पाऊल

उतरण्याच्या पद्धतीबद्दल थोडे.

मागे रेलून, टाचा आपटत उतरणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. घसरण्याच्या भीतीने माणूस मागे रेलतो, पाय शरीराच्या खूप पुढे पडतो, गुडघा ताठ होतो आणि धक्का सरळ वर जातो. शिवाय बुटाची पकड सुटून उलट घसरायलाच होते. कंबर पायांच्या वर ठेवा, गुडघा किंचित सैल, पाऊल आखूड आणि जवळ. पावले वाढतील पण प्रत्येक पावलाचा भार घटतो.

एक सोपी खूण: पाऊल टेकल्याचा आवाज ऐका. धप्प असा आवाज येत असेल तर पाऊल लांब पडतेय किंवा पाय थकलेत.

सरळ खाली जाणारी वाट रुंद असेल तर तिच्या रुंदीतच नागमोडी उतरा. उंच पायरीला तिरके उभे राहून बाजूने उतरा आणि दर थोड्या वेळाने पुढचा पाय बदला, नाहीतर एकच गुडघा सगळे उंच उतार घेतो. दुखऱ्या पायाने आधी उतरावे, चांगल्या पायाने आधी चढावे, कारण उतरताना भार मागे राहिलेल्या पायावर असतो. उडी मारू नका, अगदी फूटभराचीही नाही.

घसाऱ्यावर गोष्ट वेगळी. मऊ, खोल घसारा असेल तर टाच रुतवत उतरणे गुडघ्याला उलट सोपे जाते. कठीण जमिनीवर विखुरलेले खडे असतील तर तिथे टाच चालत नाही, पूर्ण तळवा टेकवा.

चढउतार

यात एक भर घालतो: घोटा. घोटा पुढे पुरेसा वाकत नसेल तर उतरताना टाच लवकर उचलली जाते आणि गुडघा आत पडतो. घरी तपासता येते. भिंतीसमोर अनवाणी उभे राहा, पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंमीवर, टाच जमिनीला चिकटलेली. आता गुडघा भिंतीला टेकतो का? नसेल टेकत, किंवा दोन पायांत दोन सेंमीहून जास्त फरक असेल, तर पोटरी ताणणे आणि हीच हालचाल रोज १५-२० वेळा करणे फायद्याचे.

बूट घोट्यापर्यंतचे हवेत की आखूड, यावर वाद करायला नको. गुडघ्यासाठी महत्त्वाचे एवढेच की तळ झिजून एका बाजूला कललेला नसावा आणि उतारावर पाय आत पुढे सरकू नये. बंद बांधताना सर्वांत वरच्या दोन भोकांत दोन्ही बाजूंना एकेक छोटी कडी करून बंद विरुद्ध कडीतून ओवा आणि ओढा. टाच मागे बसते. बोटे पुढे आपटू लागली की माणूस नकळत वाकडा चालतो आणि गुडघा दुसऱ्या दिवशी त्याची किंमत मोजतो.

पन्नाशीपार

धागा फार उपयोगी. माझ्या एक्स-रेमध्ये दोन्ही गुडघ्यांत सुरुवातीची झीज लिहिली आहे. एमआरआयमध्ये गादीला छोटी चीर. दुखणे मधूनमधून, सूज नाही. ट्रेक बंद करावेत असे घरचे म्हणतात. चालल्याने झीज वाढते का? सांध्यांसाठी विकतात ते ग्लुकोसामाइन घ्यावे का?

सांधेजोड

@पन्नाशीपार, गुडघ्याच्या झिजेवर व्यायाम हा पहिल्या फळीचा उपचार आहे, निषिद्ध गोष्ट नाही. बेताने वाढवलेल्या चालण्याने सांधा लवकर संपतो असे मानायला आधार नाही. उलट बसून राहिले की मांडीचा स्नायू वाळतो आणि तोच तर सांध्याचा भार झेलतो. एमआरआयमधली छोटी चीर मध्यमवयीन माणसांत दुखणे नसतानाही खूप दिसते, त्यामुळे केवळ रिपोर्टवरून ट्रेक बंद करण्याचे कारण नाही. सांधा अडकणे, मधेच दगा देणे किंवा वारंवार सूज असेल तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना पुन्हा दाखवा.

वजन जास्त असेल तर ते उतरवणे हा सर्वांत मोठा फायदा. झीज असलेल्या स्थूल व्यक्तींच्या चालण्याचे मोजमाप झाले आहे: शरीराचे एक किलो घटले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो.

ग्लुकोसामाइनच्या मोठ्या चाचण्यांत साखरेच्या गोळीपेक्षा ठळक फायदा दिसलेला नाही. ज्यांना घ्यायचे त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे, पण व्यायामाच्या जागी नाही.

नी कॅपबद्दल. कापडी किंवा निओप्रीनची कॅप सांधा धरून ठेवत नाही. ती ऊब देते, हलका दाब देते आणि गुडघा कुठे आहे याची जाणीव वाढवते. झिजेच्या आणि वाटीच्या दुखण्यात तेवढ्यानेही बरे वाटते, तर वापरावी. माप घेताना पाकिटावर लिहिलेली जागा पाहा: काहींचे माप वाटीच्या मध्यावर असते, काहींचे वाटीच्या दहा सेंमी वर. पाऊल बधिर झाले, मुंग्या आल्या, खाली सूज आली तर कॅप घट्ट आहे. रात्री काढून झोपा. वाटीखालच्या कंडऱ्यासाठी वेगळा अरुंद पट्टा मिळतो, तो वाटी आणि नडगीच्या उंचवट्याच्या मध्ये बसला पाहिजे, वाटीवर नाही.

ओझेवाला

गुडघ्याच्या धाग्यात सॅकबद्दल लिहिलेच पाहिजे. एका दिवसाच्या ट्रेकला शरीराच्या वजनाच्या १० टक्के आणि मुक्कामी ट्रेकला २० टक्के ही मर्यादा धरा. ६० किलोंच्या माणसाला १२ किलो, पाण्यासकट. पाणी किलोला लिटर. वाटेत भरवशाचा झरा असेल तर चार लिटर पाठीवर घेऊन उतरण्यात अर्थ नाही.

घालायचा क्रम: सगळे पट्टे सैल, आधी कंबरपट्टा, त्याचा गादीचा भाग कंबरेच्या हाडाच्या कडेवर बरोबर मध्ये. मग खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे, शेवटी छातीचा. कंबरपट्टा पोटावर बसला की तो वजन घेतच नाही. जड वस्तू पाठीला चिकटून, उंचीच्या मध्यावर. बाहेर लटकवलेल्या वस्तू उतारावर हिंदकळतात आणि प्रत्येक हिंदोळा गुडघ्याला आवरावा लागतो. म्हणून मॅट, भांडी, ओले कपडे आत किंवा घट्ट बांधलेले.

गटात कोणाचा गुडघा दुखत असेल तर त्याचे ओझे उतार सुरू होण्याआधी वाटून घ्या. निम्म्यावर आल्यावर वाटले तर उशीर झालेला असतो.

कातळ

प्रथमोपचाराचे प्रशिक्षण देतो, त्या बाजूने लिहितो.

वाटेत दुखू लागले तर दहापैकी किती, ते स्वतःला विचारा. तीनपर्यंत आणि चाल बदलत नाही, तर पाऊल आखूड करून, काठ्या लांब करून चालत राहा. चार-पाच आणि लंगडणे सुरू झाले, तर ओझे कमी करा, वेग निम्मा करा आणि सर्वांत छोटी वाट धरून उतरा. त्याहून जास्त असेल तर पुढचे बेत रद्द.

पिळवटल्यानंतर दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्तस्राव असण्याची शक्यता मोठी, म्हणजे लिगामेंट (हाडांना एकमेकांशी जोडणारा पट्टा) तुटणे किंवा हाड मोडणे. दुसऱ्या दिवशी हळू आलेली सूज गादीकडे बोट दाखवते. पडल्यानंतर एक्स-रे लागेल का, यासाठी ओटावा नियम लक्षात ठेवा: वय ५५ किंवा जास्त, फक्त वाटीवर दाबल्यावर दुखणे, बाहेरच्या बाजूला खालच्या बारीक हाडाच्या डोक्यावर दुखणे, गुडघा ९० अंशांत न वाकणे, किंवा पडल्यावर लगेच आणि नंतर तपासणीच्या वेळी अशा दोन्ही वेळा चार पावलेही न टाकता येणे. यांतले एक जरी असेल तर एक्स-रे काढा. गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप असेल तर तो सांध्यातला जंतुसंसर्ग असू शकतो. त्यात तासांना महत्त्व असते.

गुडघा अर्धवट वाकून अडकला तर जोर लावून सरळ करू नका. आहे त्या कोनात आधार द्या. स्लीपिंग मॅट मांडीच्या मध्यापासून घोट्याच्या वरपर्यंत पायाच्या मागून आणि बाजूंनी गुंडाळा, गुडघ्याखाली दुमडलेला कपडा ठेवा, मांडीवर दोन आणि नडगीवर दोन ठिकाणी बांधा, वाटीवर गाठ नको. दर अर्ध्या तासाने बोटांचा रंग, ऊब आणि स्पर्श तपासा.

औषधे : आयबुप्रोफेन घेऊन उतार उरकणे हा वाईट बेत आहे. शरीरात पाणी कमी असताना ते मूत्रपिंडांना त्रास देते आणि दुखणे झाकल्याने इजा वाढते. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, गर्भारपण, रक्त पातळ करणारी किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील तर ते घेऊच नये. मुक्कामाला पोहोचल्यावर, पाणी आणि जेवण झाल्यावर, निरोगी प्रौढाला ४०० मिलिग्रॅम, डॉक्टरांशिवाय दिवसात १२०० च्या वर नाही. पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन मात्रांत सहा तासांचे अंतर. सर्दीच्या गोळ्यांतही तेच असते, ते धरून मोजा. डायक्लोफेनॅक एक टक्क्याचे जेल गुडघ्याला हा चांगला पर्याय आहे. एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चार वेळांपर्यंत. त्यावर गरम शेक किंवा घट्ट बँडेज नको. आयबुप्रोफेनची गोळी आणि हे जेल दोन्ही एकदम सुरू करू नका, औषधाचा गट एकच आहे.

नवी_वाट

बर्फ लावावा की शेक? दोन्ही सल्ले मिळतात.

कातळ

ताज्या इजेत दुखणे कमी करायला गार पाण्याची घडी १५ मिनिटे, त्वचेवर कापड ठेवून. त्याने दुखणे कमी होते, बरे होणे लवकर होत नाही. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र १९७८ मध्ये मांडणारे डॉ. गेब मर्किन यांनीच २०१४ मध्ये लिहिले की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने बरे व्हायला उलट वेळ लागू शकतो. जुनाट आखडलेपणाला शेक चालतो, नव्या सुजेला नाही.

चढउतार

तयारीचा आराखडा देतो. मोठ्या ट्रेकच्या आठ ते बारा आठवडे आधी सुरू करायचा, आठवड्यातून तीन दिवस.

मुख्य व्यायाम पायरी उतरण्याचा. १५ सेंमी उंच पायरीवर एका पायाने उभे राहा, दुसऱ्या पायाची टाच समोर जमिनीला अलगद लागेपर्यंत तीन सेकंद मोजत खाली या आणि वर जा. १० वेळा, तीन फेऱ्या, दोन्ही पाय. आरशात पाहा: गुडघा दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. आत पडत असेल तर पायरी कमी उंचीची घ्या. खालच्या पायावर वजन टाकून ‘पडू’ नका, सगळे काम वरच्या पायाचे आहे. दोन आठवडे सहज जमले की २० सेंमी, मग पाठीवर पाच किलो, मग आठ.

सोबत भिंतीला टेकून अर्धे बसणे, ३० ते ४५ सेकंद, चार-पाच वेळा. वाटीखालचा कंडरा दुखत असेल त्यांनी सुरुवात यानेच करावी, त्यात सांधा हलत नाही आणि दुखणेही शमते. एका पायावर टाच उचलणे १५ ते २०, तीन फेऱ्या. खुब्याचा व्यायाम सांधेजोड यांनी वर दिलाच आहे.

आणि प्रत्यक्ष उतार. जिना किंवा टेकडी उतरण्याचा सराव आठवड्यातून एकदा, दर आठवड्याला दहाएक टक्क्यांनी वाढवत. उताराच्या एका सरावाने स्नायूला मिळालेले संरक्षण काही आठवडे टिकते, म्हणून मोठ्या ट्रेकच्या दोन आठवडे आधी एक लांब उतार जरूर करा. शेवटच्या चार-पाच दिवसांत मात्र नाही, कारण ठणका एक ते तीन दिवसांनी शिगेला पोहोचतो.

पन्नाशीपार

मुक्कामी ट्रेकमध्ये दुसऱ्या दिवशी चालावे की थांबावे, हे सकाळी कसे ठरवायचे? आणि तंबूत बसण्या-उठण्याचाच त्रास होतो, त्याचे काय?

सांधेजोड

सकाळी तीन गोष्टी तपासा. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्यांचे काठ सारखे दिसतात का, की एक फुगलेला आहे. गुडघा पूर्ण सरळ होतो आणि टाच ढुंगणाकडे कालच्याइतकी जाते का. एखाद्या बुटक्या दगडावरून हळू उतरताना दुखणे तीनच्या आत राहते का. मांडीचा स्नायू दोन्हीकडे सारखा ठणकत असेल तर तो थकवा, दहा मिनिटे सपाटीवर चालल्यावर सैल होतो. सूज असेल, पाय पूर्ण सरळ होत नसेल किंवा सकाळचे दुखणे काल रात्रीपेक्षा जास्त असेल तर त्या दिवशी मुक्काम किंवा सर्वांत सोपी परतीची वाट.

तंबूत मांडी घालून तासभर बसू नका. सॅकवर किंवा ओंडक्यावर बसा, पाय लांब करा, दर २० मिनिटांनी गुडघा १०-१५ वेळा सरळ करा. शौचाला उकिडवे बसताना टाचेखाली चपटा दगड ठेवला तर घोट्याचा ताण वाचतो. समोरचे झाड किंवा जमिनीत रोवलेल्या दोन्ही काठ्या धरून उठा. जमिनीवरून उठताना आधी एका गुडघ्यावर या, मग चांगला पाय पुढे टेकवून त्यावर जोर द्या.